प्रौढ व्यावसायिक शिक्षणातील वर्गव्यवस्थापन

प्रौढ व्यावसायिक शिक्षणातील वर्गव्यवस्थापन म्हणजे रोजगार मिळवण्यासाठी, हातातील नोकरी टिकवण्यासाठी किंवा व्यवसाय बदलण्यासाठी शिकायला आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गात अध्ययनाला पोषक वातावरण निर्माण करण्याची आणि ते टिकवून ठेवण्याची प्रक्रिया होय. वेळ, जागा व साधनांचे नियोजन, परस्पर वर्तनाचे नियम, मतभेदांचे निराकरण आणि कार्यशाळेतील सुरक्षितता या बाबींचा तिच्यात समावेश होतो. शालेय वर्गात शिक्षक वयाने आणि अधिकाराने विद्यार्थ्यांपेक्षा मोठा असतो. प्रौढांच्या वर्गात हे गृहीत धरता येत नाही. तेथे विद्यार्थी निदेशकाच्या बरोबरीचा, काही वेळा त्याच्याहून वयस्कर आणि एखाद्या कामात त्याच्याहून अनुभवी असू शकतो. त्यामुळे शिक्षेवर आधारलेली शिस्त येथे फारशी उपयोगी पडत नाही.

अशा वर्गांत शिकवणाऱ्या निदेशकांवर येणारा ताण हा या विषयाचाच एक भाग मानला जातो. विस्कळीत वर्गामुळे निदेशकाचा ताण वाढतो आणि थकलेल्या निदेशकाच्या हातून वर्ग अधिक विस्कळीत होतो, असा दुहेरी संबंध या दोहोंत आढळतो.

पार्श्वभूमी

काम करणाऱ्या प्रौढांसाठी संघटित शिक्षणाची सोय युरोपात औद्योगिक क्रांतीच्या काळात वाढली. १८२३ साली लंडनमध्ये कारागिरांसाठी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. पुढे तिचेच बर्कबेक महाविद्यालय झाले. मुंबईत १८४७ साली टांकसाळ व सरकारी गोदीतील कारागीर आणि मुकादम यांनी अशीच एक संस्था सुरू केली. आजचे डेव्हिड ससून ग्रंथालय हा तिचाच वारसा होय. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८५५ साली शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगनेही कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग चालवले.

अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणाला संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य मिळाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली झालेल्या कायद्यामुळे प्रौढ विद्यार्थी मोठ्या संख्येने महाविद्यालयांत व व्यावसायिक संस्थांत दाखल झाले. घरसंसार, नोकरी आणि युद्धाचा अनुभव पाठीशी असलेल्या या विद्यार्थ्यांना किशोरवयीन मुलांसारखे वागवता येत नाही, ही बाब त्यामुळे ठळकपणे पुढे आली.

सैद्धांतिक आधार

प्रौढांचे शिक्षण बालशिक्षणाहून वेगळे असते, हा विचार 'अँड्रागॉजी' या संज्ञेने ओळखला जातो. जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी १८३३ साली ही संज्ञा वापरली आणि विसाव्या शतकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी ती रूढ केली. नोल्स यांच्या मांडणीनुसार प्रौढ व्यक्तीला स्वतःविषयीचे निर्णय स्वतः घेण्याची सवय असते, तिचा पूर्वानुभव हे शिकण्याचे मोठे साधन असते, आयुष्यातील प्रत्यक्ष गरजेतून ती शिकण्यास प्रवृत्त होते आणि शिकलेले लगेच वापरता यावे अशी तिची अपेक्षा असते. वर्गव्यवस्थापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, 'हे कशासाठी शिकायचे?' या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास प्रौढ विद्यार्थ्याचे लक्ष उडते. त्याचा हा प्रश्न उद्धटपणा मानला गेल्यास तो दुखावतो.

पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ साली प्रौढांच्या शिक्षणातील अडथळ्यांचे तीन गट केले. पैसा, वेळ व घरची जबाबदारी हे परिस्थितिजन्य अडथळे होत. गैरसोयीचे वेळापत्रक व किचकट नियम हे संस्थात्मक अडथळे होत. 'या वयात आपल्याला जमणार नाही' यासारखी भावना हा मनोवृत्तीचा अडथळा होय. वर्गात बेशिस्त म्हणून दिसणाऱ्या अनेक गोष्टींचे मूळ या तीनपैकी एखाद्या अडथळ्यात असू शकते.

वर्गव्यवस्थापनाच्या अभ्यासात जेकब कूनिन यांचे १९७० सालचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. या संशोधनाचे बीज एका महाविद्यालयीन वर्गात पडले होते. व्याख्यानाच्या वेळी वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला कूनिन यांनी हटकले, तेव्हा त्या विद्यार्थ्याबरोबर इतरांच्याही वागण्यात बदल झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. एकाला दिलेल्या समजेचे पडसाद संपूर्ण वर्गात उमटतात, या निरीक्षणाला त्यांनी 'तरंग परिणाम' असे स्वरूप दिले. पुढील संशोधनात मात्र त्यांना असे आढळले की, गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो यापेक्षा ती होऊ नये म्हणून तो आधी काय करतो याला अधिक महत्त्व असते. वर्गाच्या सर्व भागांवर लक्ष असल्याची जाणीव विद्यार्थ्यांना करून देणे, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणे, पाठाची गती राखणे आणि एका कृतीतून दुसऱ्या कृतीत सहज जाणे ही कौशल्ये त्यांनी निर्णायक ठरवली.

वर्गातील नेहमीच्या समस्या

उशीर व गैरहजेरी ही सर्वत्र आढळणारी समस्या आहे. रात्रपाळी संपवून येणारा कामगार, मुलांना शाळेत सोडून येणारी आई किंवा गैरहजेरीमुळे ज्याचा दिवसाचा रोज बुडतो असा मजूर यांना वेळ पाळणे दरवेळी शक्य होत नाही. परंतु उशिरा येणाऱ्यासाठी पाठ पुन्हा सांगितल्यास वेळेवर आलेल्यांवर अन्याय होतो. हजेरीची अट असलेल्या अभ्यासक्रमांत हा प्रश्न थेट परीक्षेच्या पात्रतेशी जोडलेला असतो. त्यामुळे सवलत द्यावी की नियम पाळावा, असा पेच निदेशकासमोर उभा राहतो.

अनुभवाचा संघर्ष ही दुसरी समस्या होय. अनेक वर्षे वेल्डिंग केलेला कारागीर प्रमाणपत्रासाठी वर्गात बसतो, तेव्हा पुस्तकातील पद्धत त्याला निरर्थक वाटू शकते. तो सर्वांसमोर निदेशकाला खोडून काढतो किंवा चेहऱ्याला संरक्षक काच लावण्याचा नियम 'आम्ही कधी लावली नाही' असे म्हणून टाळतो. येथे निदेशकाच्या प्रतिष्ठेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न एकाच वेळी निर्माण होतो.

मौन ही तिसरी, पण सहज नजरेत न भरणारी समस्या आहे. शाळेत नापास झालेल्या किंवा शाळा अर्धवट सुटलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारण्याची लाज वाटते. आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलांसमोर चूक होण्यापेक्षा गप्प बसणे तिला सुरक्षित वाटते. अशी व्यक्ती त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि ती एक दिवस वर्ग सोडून जाते.

यांखेरीज भ्रमणध्वनीचा वापर, वाचन व गणितातील तयारीची मोठी तफावत, वय, जात, भाषा किंवा लिंग यांवरून होणारे टोमणे आणि मोजक्या यंत्रांसाठी लागणारी रांग यांमुळेही वर्गात तणाव निर्माण होतो.

व्यवस्थापनाच्या पद्धती

प्रारंभीच्या तासिका

पहिल्या काही तासिकांत घालून दिलेली घडी पुढे टिकते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. अभ्यासक्रमाचा उद्देश, मूल्यमापनाची पद्धत, हजेरीचे नियम आणि निदेशकाला भेटण्याची वेळ या गोष्टी आरंभीच लेखी स्वरूपात देणे उपयुक्त ठरते. वर्तनाचे नियम विद्यार्थ्यांशी चर्चा करून ठरवल्यास ते पाळले जाण्याची शक्यता वाढते. नियम मोजके असावेत. जे नियम निदेशक स्वतः पाळू शकत नाही किंवा ज्यांची अंमलबजावणी होणार नाही, ते न करणे श्रेयस्कर असते.

वाटाघाटीचे व अढळ नियम

प्रौढांच्या वर्गात सर्वच नियम चर्चेने ठरवता येत नाहीत. गृहपाठाची मुदत, गटांची रचना किंवा मधल्या सुट्टीची वेळ यांत विद्यार्थ्यांचे मत घेता येते. यंत्राजवळ सैल कपडे न घालणे, विद्युतपुरवठा बंद केल्याशिवाय जोडणीला हात न लावणे किंवा नशा करून आलेल्याला कार्यशाळेत प्रवेश न देणे हे नियम मात्र अढळ असतात. हा फरक सुरुवातीलाच समजावून सांगितल्यास पुढील वाद टळतात. अढळ नियमामागील कारण सांगणेही आवश्यक असते, कारण अनुभवी कामगार धाकापेक्षा कारणाला अधिक प्रतिसाद देतो.

अनुभवाचा उपयोग

वर्गातील अनुभवी व्यक्तीला प्रतिस्पर्धी न मानता तिच्या अनुभवाला पाठात स्थान देणे ही एक प्रभावी पद्धत आहे. वरील उदाहरणातील कारागिराला प्रत्यक्ष जोड करून दाखवण्यास सांगून, त्याच्या पद्धतीची आणि प्रमाणित पद्धतीची तुलना संपूर्ण वर्गाकडून करवून घेता येते. यामुळे त्याचा मान राहतो आणि त्याच्या पद्धतीतील उणीव सांगण्याची वेळ आल्यास ती व्यक्तीवर टीका न ठरता कामाची तपासणी ठरते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यास तसे मान्य करणे आणि पुढील तासिकेला ते शोधून आणणे यामुळे निदेशकाची पत कमी होत नाही.

उशिराची व्यवस्था

पाठाचा महत्त्वाचा भाग पहिल्या दहा मिनिटांत न घेता त्या वेळी उजळणीचे छोटे काम देणे, दिवसाच्या कामाची रूपरेषा फळ्यावर लिहून ठेवणे आणि चुकलेला भाग सहाध्यायाकडून समजून घेण्यासाठी जोड्या लावणे या साध्या उपायांनी उशिरा येणाऱ्यामुळे होणारा व्यत्यय कमी होतो. वारंवार उशीर होत असल्यास कारण खासगीत विचारले जाते. सवलत द्यायची असेल तर तिचा निकष सर्वांना सारखा लागू असावा लागतो, अन्यथा पक्षपाताची तक्रार उद्भवते.

समज देणे

चारचौघांत झालेला अपमान प्रौढ व्यक्ती सहसा विसरत नाही. म्हणून किरकोळ व्यत्ययासाठी नजर, जवळ जाऊन उभे राहणे किंवा प्रश्न विचारणे अशी सौम्य साधने आधी वापरली जातात. गंभीर बाब तासिकेनंतर एकांतात बोलली जाते. या संभाषणात स्वभावावर शेरे न मारता विशिष्ट वर्तन, त्याचा इतरांवर झालेला परिणाम आणि पुढील अपेक्षा या तीन गोष्टी सांगितल्या जातात. धमकी, छळ किंवा मारामारीच्या प्रसंगी मात्र निदेशकाने एकट्याने तोडगा काढण्याऐवजी घटनेची लेखी नोंद करून संस्थाप्रमुखांकडे जाणे अपेक्षित असते.

निदेशकांवरील ताण

स्वरूप

अध्यापनकार्यातून उद्भवणाऱ्या राग, चिंता, निराशा यांसारख्या अप्रिय भावनांच्या अनुभवाला शिक्षकी ताण म्हणतात. क्रिस किरियाकू आणि जॉन सटक्लिफ यांनी १९७८ साली या संकल्पनेची मांडणी केली. दीर्घकाळ न हाताळलेला ताण 'बर्नआउट' म्हणजेच कार्यजन्य क्षीणतेकडे नेतो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली ही संज्ञा चर्चेत आणली. क्रिस्तिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली आहेत : भावनिक थकवा, समोरच्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश कामाशी संबंधित अवस्था म्हणून केला आहे. त्याला आजार मानलेले नाही.

कारणे

व्यावसायिक विषयांचे बरेच निदेशक उद्योगातून अध्यापनात येतात. कारखान्यात कुशल म्हणून मान असलेली व्यक्ती वर्गात नवशिकी ठरते. यंत्र दुरुस्त करणे आणि ते दुसऱ्याला शिकवणे ही वेगळी कौशल्ये आहेत, याची जाणीव अनेकदा वर्गात उभे राहिल्यावरच होते. शिवाय उद्योगातील बदलत्या तंत्राशी परिचय ठेवण्याची जबाबदारी कायम राहते.

भूमिकांचा संघर्ष हे दुसरे कारण आहे. विद्यार्थी आपली आर्थिक ओढाताण, घरातील आजारपण किंवा कौटुंबिक कलह निदेशकाला सांगतात. शिक्षक, समुपदेशक, परीक्षक आणि नोकरी मिळवून देणारा मध्यस्थ अशा अनेक भूमिका त्याच्याकडे येतात. ज्याच्या अडचणी ऐकल्या त्यालाच अनुत्तीर्ण करण्याची वेळ येते, तेव्हा हा संघर्ष तीव्र होतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली मांडलेली 'भावनिक श्रम' ही संकल्पना येथे लागू पडते. स्वतःचा राग किंवा थकवा आवरून सतत शांत व उत्साही दिसणे हेही श्रमच असतात, असे ती सुचवते.

तिसरे कारण कामाच्या रचनेत असते. रॉबर्ट करासेक यांच्या १९७९ सालच्या प्रतिमानानुसार कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी असल्यास ताण सर्वाधिक असतो. प्रवेशसंख्या, उत्तीर्णतेचे प्रमाण व नोकरी लागल्याचे प्रमाण यांसाठी निदेशकाला जबाबदार धरले जाते, पण यंत्रसामग्री, वेळापत्रक किंवा प्रवेशाचे निकष त्याच्या हातात नसतात. तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्यांच्या बाबतीत उत्पन्नाच्या अनिश्चिततेची यात भर पडते. कार्यशाळेत सर्वांच्या सुरक्षिततेकडे लक्ष ठेवावे लागत असल्याने मनाला विसावाही मिळत नाही.

परिणाम

झोप न लागणे, डोकेदुखी, चिडचिड, कामावर जाण्याची अनिच्छा आणि विद्यार्थ्यांविषयी कडवट बोलणे ही ताणाची सामान्य लक्षणे आहेत. थकलेला निदेशक एक तर नियमांबाबत अनावश्यक कठोर होतो किंवा सर्वच गोष्टींकडे काणाडोळा करतो. कार्यशाळेत दुसरा प्रकार अपघाताला निमंत्रण देणारा असतो. निदेशक मध्येच नोकरी सोडून गेल्यास तुकडीचे शिक्षण खंडित होते. शुल्कासाठी कर्ज काढलेल्या किंवा रोजंदारी बुडवून आलेल्या विद्यार्थ्याला हे नुकसान सहज भरून काढता येत नाही.

उपाययोजना

वैयक्तिक पातळीवर कामाच्या मर्यादा आखणे हा प्रमुख उपाय सांगितला जातो. विद्यार्थ्यांच्या फोनला उत्तर देण्याची वेळ ठरवणे, वैयक्तिक अडचण ऐकून घेतल्यावर ती सोडवण्याची जबाबदारी स्वतःकडे न घेता योग्य व्यक्तीकडे किंवा यंत्रणेकडे पाठवणे, पाठांची टिपणे व प्रात्यक्षिकांचे तक्ते जपून पुन्हा वापरणे आणि पुरेशी झोप व व्यायाम यांचा त्यात समावेश होतो. कठीण प्रसंगानंतर काय घडले, काय केले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल याची थोडक्यात नोंद ठेवल्यास प्रसंगाकडे तटस्थपणे पाहता येते. लक्षणे टिकून राहिल्यास वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय मदत घेणे आवश्यक असते. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही मोफत मानसिक आरोग्यसेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

ताणाचे मूळ कामाच्या रचनेत असल्यास केवळ वैयक्तिक उपाय अपुरे पडतात. नव्या निदेशकाला अनुभवी सहकाऱ्याची जोड देणे, परस्परांच्या तासिका पाहण्याची सोय करणे, तुकडीचा आकार यंत्रांच्या संख्येशी जुळवणे, तक्रारींची निश्चित कार्यपद्धती ठरवणे आणि निदेशकाने शिस्तीबाबत घेतलेल्या योग्य निर्णयाच्या पाठीशी उभे राहणे ही संस्थेची कर्तव्ये मानली जातात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शिक्षणसंस्थांनाही लागू आहे. त्यामुळे महिला निदेशकांना अंतर्गत समितीकडे दाद मागता येते.

भारत व महाराष्ट्रातील स्थिती

भारतात १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्या अंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. या संस्थांतील शिक्षकांना शिल्प निदेशक म्हणतात. त्यांच्यासाठी एक वर्षाचा स्वतंत्र निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे. त्यात व्यवसाय-कौशल्यांबरोबर अध्यापनपद्धतीही शिकवली जाते. मुंबईत चुनाभट्टी येथे अशा प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दहावी झालेल्या किशोरांबरोबर मोठ्या वयाचे विद्यार्थीही प्रवेश घेतात. त्यामुळे एकाच तुकडीत वयाचे मोठे अंतर आढळू शकते.

केवळ प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून सुरू झालेल्या उपक्रमांत श्रमिक विद्यापीठाचा उल्लेख केला जातो. असे पहिले विद्यापीठ १९६७ साली मुंबईत वरळी येथे औद्योगिक कामगारांसाठी स्थापन झाले. या योजनेला पुढे जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि २०१८ साली ती कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाकडे आली. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्या व्यक्तींना वस्तीजवळ व्यवसाय-प्रशिक्षण देणे हा तिचा हेतू आहे. तिच्या वर्गांत महिलांची संख्या मोठी असते. अशा वर्गांत घरकामाच्या वेळा आणि सण, लग्नसराई किंवा शेतीचा हंगाम पाहून वेळापत्रक आखणे हेच वर्गव्यवस्थापनाचे पहिले पाऊल ठरते.

नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाच्या मार्गाने नोकरदार व गृहिणींना व्यावसायिक शिक्षण उपलब्ध करून दिले. येथे संपर्कसत्रे मर्यादित असल्याने अनुपस्थिती, एकाकीपणा आणि अभ्यास मध्येच सोडणे यांना आळा घालणे हे समंत्रकांचे मुख्य आव्हान असते. २०१५ पासून राबवल्या गेलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेमुळे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम वाढले. कमी कालावधीमुळे निदेशक व विद्यार्थी यांच्यात विश्वास निर्माण होण्यास मिळणारा वेळही कमी झाला.

टीका व मर्यादा

बालक आणि प्रौढ यांच्या शिक्षणात नोल्स यांनी केलेला काटेकोर भेद अनेक अभ्यासकांना मान्य नाही. स्वतः नोल्स यांनीही आपल्या १९७० च्या ग्रंथाच्या १९८० मधील सुधारित आवृत्तीत ही भूमिका सौम्य केली आणि दोन्ही पद्धती परिस्थितीनुसार वापराव्यात असे सुचवले. सर्व प्रौढ स्वयंप्रेरित असतात हे गृहीतकही सर्वत्र लागू पडत नाही. मालकाने पाठवले म्हणून किंवा घरच्यांच्या आग्रहामुळे आलेले विद्यार्थीही वर्गात असतात. गुरूने सांगावे आणि शिष्याने ऐकावे या परंपरेत वाढलेल्या व्यक्तीला सुरुवातीस चर्चेपेक्षा थेट मार्गदर्शन हवेसे वाटू शकते.

कूनिन यांचे बहुतेक निष्कर्ष शालेय वर्गांच्या निरीक्षणावर आधारलेले आहेत. त्यामुळे प्रौढांच्या वर्गात ते तारतम्याने वापरावे लागतात. ताणविषयक साहित्यावर असा आक्षेप घेतला जातो की, श्वसनाचे व्यायाम व सकारात्मक विचार यांवर भर देताना वेतन, कंत्राटी नेमणुका आणि अपुरी साधने हे प्रश्न बाजूला पडतात.

हेही पाहा

प्रौढ शिक्षण
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
रात्रशाळा
जन शिक्षण संस्थान
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
ताणतणाव व्यवस्थापन